केस जळल्याचा वास

२ फेब्रुवारी

मशीन गेलं. सकाळी बटण दाबलं, तर एकदा गुरगुरलं, मोठा ढेकर दिला आणि कायमचं गप्प झालं. मेकॅनिक आला, जमिनीवर पालथा पडून त्याच्या पोटात टॉर्च मारला, आणि उठला तेव्हा चेहरा असा, की मीच त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. "काका, याचा पार्ट आता कुणी बनवत नाही," म्हणाला. "नवं घ्या, नाहीतर केमिकलचा नाद सोडा."

नाद सोडा म्हणे! अरे, ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे माझं. पाण्याचा थेंब न लावता केमिकलमध्ये कपडे धुऊन देण्यात उभी हयात गेली. आता नाद सोडून काय बासरी वाजवू?

हातांना काम नाही म्हणून दुकानाला बटणं पुरवणाऱ्याने फुकट दिलेली ही डायरी काढली आहे.

हिला मात्र काही वाटलेलं दिसत नाही. ही म्हणजे माझी बायको. काउंटर हीच सांभाळते, आणि हिच्या मते मलाही. मशीनकडे एकदा बघितलं आणि मागच्या खोलीत जाऊन चहा टाकला. दुःखात चहा टाकायला माझी हरकत नाही, पण ही गुणगुणत टाकत होती. वर माझ्या हातातला कप काढून घेतला, नाकाशी नेला, "दूध गेलंय" म्हणाली आणि मोरीत ओतून मोकळी झाली. अर्धा पिऊन झाला होता माझा. चांगला होता की! हिला दिसेल त्याला नाक लावायची खोड आहे. दूध, भाजी, गॅसचं बटण, माझे शर्ट. लग्नात कुणी सांगितलं नव्हतं मला.

डोकं दुखतंय. ते रोजचंच आहे.

५ फेब्रुवारी

लेक आली होती, नातीला कडेवर घेऊन. नेहमीप्रमाणे दुकानाबाहेर फुटपाथवर उभी. आत ये म्हटलं तर म्हणते, "नको बाबा, हिला खोकला होतो आत." आजोबाच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, अशी आमच्याकडची नवी रीत. मीच बाहेर गेलो, नातीला घ्यायला हात पुढे केले, तर पोरगी माझ्या शर्टाला नाक टेकवते न टेकवते तोच तोंड फिरवून आईच्या गळ्यात. आमच्यावर गेलेली नाही, एवढंच.

लेकीचं म्हणणं, नवं मशीन घेऊच नका. पाण्यात धुवा. प्रत्येक कापडाला त्याच्या त्याच्या पद्धतीने. मी म्हटलं, "लोकरीचा कोट पाण्यात? उद्या म्हणशील, शेजारच्या घड्याळजीला घड्याळं उकळायला सांगा."

"आजोबा धुवायचेच ना पाण्यात?" म्हणाली.

हे खरं आहे. माझे वडील सगळं पाण्यातच धुवायचे. मशीन मी आणलं. पण हे तिच्यासमोर कशाला कबूल करा?

९ फेब्रुवारी

आज माझ्या जिभेने मला खड्ड्यात घातलं.

नाटक कंपनीच्या पोशाखवाल्या बाई आल्या होत्या. दर हंगामाचे सगळे पोशाख आमच्याकडे येतात. खरं सांगायचं तर त्यांचं काम आहे म्हणून दुकान आहे. बाकीची गिऱ्हाइकं म्हणजे चटणीला मीठ. बाई बसल्या नाहीत, तेव्हाच मला शंका आली. म्हणाल्या, यंदाचे कपडे मोठ्या लाँड्रीला द्यायचं ठरतंय.

झालं होतं असं. त्यांच्या नाटकात दुसऱ्या अंकात मुलीला वारलेल्या बापाचा कोट सापडतो. ती त्या कोटात तोंड खुपसून एक लांब श्वास घेते. नाटकाचा जीव म्हणे तिथेच आहे. गेल्या हंगामात तिने श्वास घेतला आणि तिला अशी खोकल्याची उबळ आली की प्रेक्षक हसले. "तुमच्या केमिकलचा वास," बाई म्हणाल्या. "डोळ्यांतून पाणी आलं तिच्या."

कसला वास? त्या कोटाला मी स्वतः नाक लावून बघितलं होतं. काही म्हणजे काही नव्हतं. नाटकातली माणसं, नखरे करणारच. पण हे बोलायचं सोडून माझ्या तोंडातून निघालं, "केमिकल? ते तर आम्ही बंदच केलं! आता सगळं पाण्यात, साध्या साबणात. निसर्गाला जपून."

मशीन जाऊन आठवडा झाला होता, हे सांगायची गरज मला वाटली नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. हिने अशी मान डोलवली, जसं काही मी हे वर्षानुवर्षं सांगत आलोय. शेवटी बाई म्हणाल्या, "ठीक. तो कोट पाठवते तुमच्याकडे. नवा हंगाम सतरा मार्चला त्याच नाटकाने सुरू होतोय. कोट स्वच्छ झाला, आकसला नाही आणि वास नसला, तर सगळं काम तुमचं. नाहीतर राम राम."

कोट बिघडला तर दुकानाला कुलूप आणि आम्ही दोघं लेकीच्या दारात. हे सरळ लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मी विसरलो असं व्हायला नको. हल्ली विसरतो बराच.

१२ फेब्रुवारी

शिकतोय. या वयात!

मशीनला काय, सगळं एका पोटात ढकललं की झालं. पाण्याचे हजार नखरे. सुती कपडा बिचारा गरीब, सोडा घाला, ऊन दाखवा, हूं की चूं करत नाही. फक्त रंगीत असेल तर उलटा करून सावलीत. रेशमाला गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं, आणि शेवटच्या पाण्यात व्हिनेगरचे चार थेंब, की तजेला परत. लोकरीला तर धुणंच आवडत नाही. ब्रश मारा, वाफ द्या, रात्रभर वाऱ्यावर टांगा, निम्मं काम तिथेच होतं. गरम पाणी दाखवलंत की आकसून सतरंजी होते. नायलॉन-पॉलिस्टर दाट विणीच्या पिशवीत घालून धुवायचं, नाहीतर त्याचा बारीक भुसा गटारातून थेट नदीत. हे लेकीने सांगितलं. इतकी वर्षं आपण नदीत काय काय सोडलं, याचा विचार मी आज केला नाही. उद्या करीन.

कापड कुठलं ते ओळखायची वडिलांची युक्ती मात्र मला येते. शिवणीच्या आतून एक धागा काढायचा आणि जाळायचा. सुताला कागद जळल्याचा वास, लोकर आणि रेशमाला केस जळल्याचा, पॉलिस्टर वितळून त्याचा मणी होतो. वडील डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायचे. मी राखेवरून सांगतो. हल्लीच्या धाग्यांना वासच राहिलेला नाही.

१५ फेब्रुवारी

घड्याळजीच्या शर्टाचं वाटोळं केलं.

त्याचा आवडता चौकड्यांचा शर्ट. धागा जाळला, करड्या रंगाची मऊ राख. सूत! बिनधास्त गरम पाण्यात सोडा घालून भिजवला. काढला तेव्हा तो शर्ट माझ्या नातीला झाला असता, आणि कापड एवढं घट्ट की त्याची पायपुसणी करावी. सुतात लोकर मिसळलेली होती. हिने उरलेला धागा जाळून नाकाशी धरला आणि लगेच म्हणाली, "अहो, केस जळल्याचा वास येतोय की. एवढा ढळढळीत."

मी म्हटलं, "तुला सगळ्याचाच वास येतो."

यावर ही काहीतरी बोलणार होती. मग राख फुंकून टाकली आणि काउंटरवर निघून गेली. ही बोलायचं थांबली की मला जास्त भीती वाटते.

घड्याळजी माझा जुना दोस्त. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तो शर्ट हँगरला लावून दुकानाच्या काचेत टांगला आणि खाली पाटी लावली, 'शेजारच्या लाँड्रीची कृपा'. सगळा रस्ता हसतोय.

मी नवं मशीन घ्यायचं ठरवलं होतं आज संध्याकाळी. मग आठवलं, केमिकलचा कोट बाईंना नकोच आहे. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

१६ फेब्रुवारी

हिने फर्मान काढलं आहे. यापुढे धागा मी जाळायचा, वास ही घेणार. दुकानाचा मालक कोण, असं विचारलं. ही म्हणाली, "मालक तुम्हीच. नाक माझं."

२४ फेब्रुवारी

कुणाची दृष्ट न लागो, पण जमतंय. शिक्षिकाबाईंची रेशमी ओढणी अशी निघाली की त्या काउंटरवरच गळ्यात गुंडाळून गेल्या. हॉटेलवाल्याचे सुती पडदे उन्हात पांढरेशुभ्र झाले, निळीचा थेंब न लावता. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा स्वेटर मी धुतलाच नाही. ब्रश मारला, वाफ दिली, खिडकीत ठेवला. ते म्हणाले, नवा दिसतोय. न धुता पैसे घेताना लाज वाटली, पण घेतले.

गेल्या आठवड्यात घेतलेला नवा चष्मा चांगला निघाला. डोकेदुखी पार गेली. झोपही लागते. हीसुद्धा हल्ली माझ्याशी कमी भांडते. किंवा मी हिच्याशी. ते बघायला हवं.

३ मार्च

आज दुपारी दुकानात कुणीतरी लिंबू कापल्यासारखं वाटलं. इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही. ही मागच्या मोरीत लिंबाच्या सालींनी शर्टाच्या कॉलरी घासत होती. म्हणजे लिंबू होतंच. पण मला ते कळलं कसं, भिंतीपलीकडून? असो.

८ मार्च

कोट आला.

काळा, लोकरीचा, टाचेपर्यंत. दोन माणसांचं वजन आहे त्याला. कितीतरी नटांनी आतून घामाने भिजवलाय आणि बाहेरून रंगमंचावरची धूळ खाल्लीय. कॉलरला नटांच्या चेहऱ्याला लावायच्या रंगाचं तेल बसून ती चामड्यासारखी झालीय. अस्तर किमान दोनदा बदललेलं.

मी बटणं उतरवली. मोठा तपकिरी कागद जमिनीवर पसरला, त्यावर कोट हात पसरून झोपवला आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारली. पोलीस मेलेल्या माणसाभोवती मारतात तशी. धुतल्यावर कोट ओला असतानाच ओढून या रेघेवर आणून बसवायचा, म्हणजे वाळताना मापात वाळतो. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "सासरे असंच करायचे." आणि लगेच मोरीकडे गेली, काम असल्यासारखी.

मला वडिलांची फार आठवण झाली. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

१० मार्च

आज दिवसभर ब्रश आणि वाफ. अस्तराचा धागा जाळला. हिने वास घेतला, "सूत." मीही घेऊन बघितला. काहीतरी होतं. कागदासारखं? की मला तसं वाटलं, हिने सूत म्हटलं म्हणून?

११ मार्च

हे नीट लिहितो.

कॉलर राहिली होती. ते तेल गार पाण्याला दाद देईना. मी ठरवलं, फक्त कॉलर गरम पाण्यात बुडवायची. वरच्या लोकरीला क्षणभर चालून जाईल, आणि कॉलर ताठ राहावी म्हणून आत भरणी असते ती सुतीच असणार, ती आकसू देणार नाही. बादलीतून वाफ निघत होती. ही पुढे गिऱ्हाइकापाशी. तिथूनच ओरडली, "भरणीचा धागा बघितलात का?"

"काल बघितला."

"काल अस्तराचा बघितलात. भरणीचा कुठे?"

चिडलो. पण घड्याळजीची काच डोळ्यांसमोर आली. शिवण जरा उसवली, चिमट्याने आतला एक तंतू ओढला आणि काडी पेटवली.

आणि केस जळल्याचा वास आला. असा दणकून आला की माझ्या डोक्यात पहिली गोष्ट हीच आली, की पुढे हिने इस्त्रीवर वाकून वेणी भाजून घेतली. मी चिमटा हातात घेऊनच धावलो. "अगं, केस जळतायत तुझे! केस!"

हिने दोन्ही हात डोक्याला लावले. गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. हिचे केस जागच्या जागी, नीट बांधलेले. इस्त्री बंद. मग हिची नजर माझ्या हातातल्या चिमट्यावर गेली. तिथे तो तंतू अजून धुमसत होता.

"काय म्हणालात?" अगदी हळू विचारलं हिने.

"केस जळल्यासारखं..."

"पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हणण्याआधी मी दुसरा तंतू काढला, जाळला. तोच वास. मुलं गल्लीत केस जाळायची तेव्हा यायचा तसाच, अगदी तोच. मला तो आठवत होता आणि इतकी वर्षं आला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. धाग्यांचा वास गेला नव्हता. माझं नाक गेलं होतं.

ही कोपऱ्यातल्या एका उलट्या बादलीवर बसली आणि रडायला लागली, आणि हसायला पण. गिऱ्हाईक "मी उद्या येतो" म्हणून सटकलं. मग ही उठली आणि दुकानभर फिरून हाताला लागेल ते आणायला लागली. "डोळे मिटा. हे काय?"

"व्हिनेगर."

"हे?"

"साबण. तो हिरवा."

"हे?"

वेळ लागला मला. साबण होता, थोडी वाफ होती, आणि खाली अजून काहीतरी होतं. लग्न झालं तेव्हा मला ते चांगलं माहीत होतं. "हा तुझा हात आहे," मी म्हटलं.

नंतर विचारलं, कधीपासून माहीत होतं तुला? म्हणाली, लेक शाळेत होती तेव्हापासून. एकदा गॅस चालू राहिला होता आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. तेव्हाच हिने सांगितलं होतं म्हणे, केमिकलने तुमचं नाक मेलंय. त्यावर मी म्हणालो होतो, कंपनीने गॅसमध्ये वास घालायचं कमी केलंय. मला हे अजिबात आठवत नाही, पण वाक्य माझंच वाटतंय.

म्हणून ही गॅसचं बटण हुंगते. दूध हुंगते. माझे शर्टही.

हो, कोट! भरणी लोकरीची निघाली. गरम पाण्यात घातली असती तर आकसून कॉलरचं भजं झालं असतं, जन्मात सरळ झालं नसतं. बादलीतलं पाणी फेकून दिलं. कॉलरवर खडूची पूड थापून ठेवली आहे, तेल शोषून घेऊ दे. उद्या झटकायची, पुन्हा थापायची, मग गार पाणी.

१३ मार्च

कोट धुतला. मोठ्या टबात, गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात. दोघांनी मिळून खालीवर केला, पहिलं पाणी शाईसारखं काळं निघालं. ती सगळी घाण, रंग नव्हे. बाह्यांची कड आधी पांढऱ्या फडक्याने तपासली होती मी. पिळला नाही. मोठ्या टॉवेलात गुंडाळून त्यावर आम्ही दोघं बसलो. या वयात, हातात हात घालून, तोल जाऊ नये म्हणून. तेवढ्यात घड्याळजी मागच्या दाराने आला, आम्हाला तसं बघितलं आणि आल्या पावली परत गेला.

कागदावर ठेवला तेव्हा उजवी बाही दोन बोटं कमी. पण लोकर ओली असली की ऐकते. हळूहळू ओढली, टाचण्या लावल्या, बसली रेघेवर. आता पंखा, सावली आणि धीर.

१६ मार्च

वाळला. वाफेची इस्त्री मारली, बटणं लावली. रेघेशी जुळवून पाहिला, केसभरही इकडेतिकडे नाही.

मग मी त्यात तोंड खुपसलं. लोकर. थोडं ऊन, थोडा वारा. बाकी काही नाही. खरंच काही नाही, आणि या वेळी ते म्हणायचा मला हक्क आहे.

१७ मार्च

नाटक बघून आलो. लिहिल्याशिवाय जेवणार नाही, ही ओरडतेय.

पोशाखवाल्या बाईंनी पहिल्या रांगेच्या मागे बसवलं होतं. पहिला अंक मला काही कळला नाही, माझं लक्ष पडद्यामागच्या कोटावर. दुसऱ्या अंकात मुलगी कपाट उघडते. तो तिथे टांगलेला. काळाभोर, खांदे रुंद, कॉलर ताठ. माझा कोट! तिने तो उतरवला, छातीशी धरला आणि तोंड खुपसलं. मी हिचा हात इतका दाबला की अजून लाल आहे.

तिने श्वास घेतला. लांब. आणखी लांब. खोकला नाही, शिंक नाही. अख्ख्या थिएटरमध्ये कुणी कागदही वाजवला नाही. ती तशीच उभी राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मागे कुणीतरी नाक ओढलं. मीही ओढलं. माझं नाक आहे, मी वाटेल तेव्हा ओढीन.

प्रयोग संपल्यावर टाळ्या नटांसाठी होत्या, हे मला कळतं. तरी मी उभा राहून थोडा वाकलो.

१९ मार्च

सकाळी कंपनीचा टेम्पो दारात. सगळ्या हंगामाचे पोशाख. मखमल, लोकर, रेशीम, जाळी, आणि एक राजाचा झगा, जो राजाने आजवर एकदाही धुतलेला दिसत नाही. बाई स्वतः आल्या, या वेळी बसल्या. मोठ्या लाँड्रीला नाही सांगितलं म्हणाल्या. मी "बघू, जमवू" म्हटलं, जसं काही माझ्याकडे वेळ नाही. हिने काउंटरखालून माझ्या पायावर पाय दिला.

घड्याळजीने पाटी काढली. शर्ट मात्र ठेवलाय, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला घालतो म्हणतो, धूळ बसू नये म्हणून. वर दोन शर्ट धुवायला देऊन गेला. धागा त्याच्यासमोरच जाळला मी.

दुपारी लेक आली. फुटपाथवर थांबली, नाक वर करून जरा हवा घेतली आणि सरळ आत आली. नात दुकानभर रांगली, मखमलीत बसली, राजाच्या झग्याची दोरी चावली. खोकली नाही. मी उचलून घेतलं, तर तोंड फिरवलं नाही. माझ्या खांद्यावर झोपली. तिच्या डोक्याला दूध आणि ऊन यांचा वास येतो. लेक इतकीशी होती तेव्हा तिचं डोकं मी कधी हुंगलं होतं का, ते मला आठवेना. लेकीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "आता घ्या वास," आणि खरंच मान वाकवून माझ्यासमोर उभी राहिली, एवढी मोठी बाई.

२० मार्च

सकाळी हिने चहा टाकला. मी मागच्या खोलीत शिरलो आणि दारातच थांबलो.

"अगं, दूध गेलंय."

हिने पातेलं उचललं, सवयीने नाकाकडे नेलं, आणि मध्येच थांबली. न हुंगताच ते मोरीत ओतून दिलं. मग ओट्याला टेकून माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी मोठं बक्षीस घेऊन घरी आल्यासारखं.

आज आम्ही दोघांनी कोराच चहा घेतला.